छपाईला कातरीची जोड : घरगुती प्रिंटर आणि कटिंग यंत्र

शाळेचे कार्यालय असो, ग्रामपंचायतीचे असो किंवा एखाद्या महिला बचत गटाची छोटीशी खोली असो, संगणकाला जोडलेला प्रिंटर ही आता सर्वत्र आढळणारी वस्तू झाली आहे. त्यातून बाहेर पडणारा कागद मात्र आयताकृतीच असतो. लोणच्याच्या बरणीवर लावावयाचे गोल लेबल, पहिलीच्या मुलांच्या हातात द्यावयाचे फळाफुलांच्या आकाराचे शब्दपत्ते, भिंतीवर लावावयाचा जिल्ह्यांचा सुटा नकाशा ही कामे निघाली म्हणजे छपाईनंतरचे कातरकाम हातानेच करावे लागते. दहा-वीस नगांचा प्रश्न असेल तर कात्री पुरेशी आहे, आणि त्यासाठी यंत्राच्या मागे लागण्याचे काही कारण नाही. पण नग दोनशेवर गेले की शिक्षिकेची संध्याकाळ किंवा गटातील चार स्त्रियांचा दिवस कातरण्यात जातो आणि शेवटच्या नगांच्या कडा पहिल्या नगांसारख्या राहत नाहीत.

छापखान्यात यावर जुना उपाय आहे. लाकडी फळीत पोलादी पात बसवून 'डाय' करतात आणि तिच्या दाबाने लग्नपत्रिका, खोकी, लेबले एका ठोक्यात कापली जातात. परंतु डाय करून घेण्याचा खर्च हजारो प्रतींवर विभागला गेला तरच परवडतो. पन्नास बरण्यांसाठी कोणी डाय करीत नाही, आणि पुढील महिन्यात बरणी बदलली तर ती डाय अडगळीतच जावयाची. संगणकाच्या आज्ञेने सुरी फिरविणारे छोटे कटिंग यंत्र उपयोगी पडते ते नेमके या जागी. त्याला डाय लागत नाही. आकार बदलावयाचा तर संगणकावरील रेघ बदलली की झाले.

हे यंत्र आपल्याला वाटते तितके अनोळखी नाही. तालुक्याच्या गावी वाहनांच्या क्रमांकपट्ट्या व नावे करून देणाऱ्याच्या दुकानावर 'रेडियम कटिंग' अशी पाटी असते. (रेडियम या किरणोत्सारी धातूचा त्या कामाशी काहीएक संबंध नाही, रात्री चमकणाऱ्या चिकटपट्टीला पडलेले ते लोकांच्या तोंडचे नाव आहे.) त्या दुकानातील प्लॉटर आणि टेबलावर मावणारे घरगुती कटिंग यंत्र हे एकाच कुळातले. या कुळाचा आरंभ रेखाटन करणाऱ्या यंत्रांपासून झाला. अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने १९५९ साली संगणकाकडून रेषा काढून घेणारा प्लॉटर बाजारात आणला. त्यात लेखणी होती. पुढे लेखणीच्या जागी सुरी आली. आज घरगुती वापरासाठी क्रिकट, सिल्हूट आणि ब्रदर या कंपन्यांची यंत्रे विशेष प्रसिद्ध आहेत.

दोन यंत्रांची सांगड

केवळ कातरावयाचे असेल तर कटिंग यंत्र एकटे पुरते. अडचण येते ती छापलेले चित्र त्याच्या कडेकडेने कापावयाचे असते तेव्हा. प्रिंटरने चित्र कागदावर नेमके कोठे उमटविले हे कटिंग यंत्राला ठाऊक नसते. प्रिंटरच्या रुळांतून जाताना कागद एखादा मिलिमीटर सरकतो, किंचित तिरपा होतो. त्यानंतर माणूस तो कागद चिकट मॅटवर हाताने बसवितो, त्यातही थोडा फरक पडतो. म्हणजे संगणकातील चित्र, कागदावरील चित्र आणि सुरीचा मार्ग या तिन्हींची जागा जुळविल्याखेरीज काम होत नाही.

जमिनीची मोजणी पाहिलेल्यांना यातील युक्ती चटकन उमगेल. मोजणीदार शेताच्या मध्यभागी उभा राहून अंदाज बांधीत नाही. तो आधी पक्के, ओळखीचे दगड शोधतो आणि तेथून अंतरे मोजीत जातो. कटिंग यंत्राचा दगड म्हणजे छापलेली काळी खूण. आज्ञावली चित्राबरोबरच कागदाच्या कडेला अशा खुणा छापते. काही यंत्रांत चित्राभोवती काळी चौकट असते, काहींत एका कोपऱ्यात भरीव चौकोन आणि इतर दोन कोपऱ्यांत काटकोनी खुणा असतात. सुरीजवळ बसविलेला प्रकाशसंवेदक कागदावर उजेड टाकतो आणि परत येणारा उजेड मोजतो. पांढऱ्या कागदावरून उजेड जास्त परततो, काळ्या शाईवरून कमी. या फरकावरून खुणेची कड कोठे आहे ते यंत्राला समजते. पहिल्या खुणेवरून जागा कळते, दुसरीवरून कागद किती तिरपा बसला आहे ते कळते आणि तिसरीमुळे दोन्ही दिशांनी छपाई किती आखडली वा पसरली हे ताडता येते. एवढे हाती आले की सुरीचा संपूर्ण मार्ग त्याप्रमाणे वळविणे हे निव्वळ गणित राहते.

ही रीत लक्षात घेतली म्हणजे रोजच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. खिडकीतून थेट ऊन यंत्रावर येत असेल तर संवेदक फसतो. कागद चकचकीत असेल तर काळी खूणही आरशासारखी उजळते आणि यंत्र 'खूण सापडली नाही' असे सांगून थांबते. त्यावर सोपा इलाज असा की खुणांवर मंद पृष्ठाची पारदर्शक चिकटपट्टी लावावी. चकाकी गेली की खूण दिसू लागते. छपाईवर लॅमिनेशनची फिल्म चढवावयाची असेल तर ती चित्रापुरतीच ठेवून खुणा उघड्या सोडाव्यात. जुन्या बनावटीच्या काही यंत्रांना पांढरा, मंद पृष्ठाचा कागदच चालतो. आणि काही लहान यंत्रांत तर हा संवेदक मुळीच नसतो. क्रिकटच्या पहिल्या 'जॉय' यंत्रात तो नव्हता. २०२३ साली आलेल्या 'जॉय एक्स्ट्रा'मध्ये तो बसविण्यात आला. स्वस्त मिळाले म्हणून संवेदक नसलेले यंत्र घेतले तर छापील चित्र कापण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही, हे खरेदीची टिप्पणी लिहिणाऱ्याने आधीच पाहावयास हवे.

संवेदक आणि सुरीचे टोक यांत ठरावीक अंतर असते. पण कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक यंत्रात ते केसभर वेगळे असते. म्हणून यंत्र नवे असताना, आणि पुढे कापणे एकाच बाजूला सतत सरकू लागले तर, जुळवणीचा एक नमुनाकागद छापून तो कापावयाचा असतो. आज्ञावली विचारते त्याप्रमाणे कोणत्या क्रमांकाच्या रेघेवर सुरी बरोबर पडली ते सांगितले की यंत्र तो फरक लक्षात ठेवते. या कामाला दहा मिनिटे पुरतात. ते टाळून महागडे कागद फुकट घालविणे शहाणपणाचे नाही.

जुळवणी कितीही चांगली झाली तरी अर्ध्या-एक मिलिमीटरची चूक राहणारच, असे धरून चालावे. छापखान्यातील माणसे याकरिता 'ब्लीड' सोडतात. चित्राचा रंग कापण्याच्या रेघेबाहेर दीड-दोन मिलिमीटर वाढवून छापला की सुरी थोडी बाहेर गेली तरी कडेला पांढरी रेघ दिसत नाही. त्याच न्यायाने मजकूर रेघेपासून तीन मिलिमीटर तरी आत असावा.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण पुष्कळांचे कागद तिच्यापायी वाया जातात. छपाईच्या वेळी संगणकावर 'पानात बसवा' अशा अर्थाची एक सोय आपोआप सुरू असते. ती पान किंचित लहान करून छापते. पत्र छापताना हे ध्यानातही येत नाही. येथे मात्र खुणांमधील अंतरच बदलते. काही यंत्रे मग खूण नाकारतात, काही चुकीच्या मापाने कापतात. म्हणून छपाई नेहमी मूळ मापात, म्हणजे शंभर टक्के प्रमाणात करावी, आणि एकदा पट्टीने मोजून खात्री करून घ्यावी.

कोणता प्रिंटर, कोणता कागद

प्रिंटर शाईचा असावा की टोनरचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शाई फवारणारा इंकजेट प्रिंटर या कामाला अधिक सोयीचा, हे खरे. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी तापलेल्या रुळाखाली, साधारणपणे दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास, वितळवून कागदावर बसविली जाते. इंकजेटसाठी केलेला प्लॅस्टिकचा चिकटकागद त्या उष्णतेत वितळून रुळाला गुंडाळला तर प्रिंटरच निकामी होतो. टोनरची चकाकी संवेदकालाही कधी कधी चकविते. तरीही कार्यालयात लेझर प्रिंटर आधीच असेल तर केवळ एवढ्यासाठी नवा घेण्याची निकड नाही. कागदी गमिंग शीट, म्हणजे मागून डिंक असलेला साधा कागद, लेझरसाठीही मिळतो. आणि टोनर पाण्याने पसरत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

हा गुण किती मोलाचा आहे ते बचत गटांना सांगावयास नको. घरगुती इंकजेटची रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याची असते. लोणच्याचे तेल, सरबताच्या बाटलीवर जमणारा दमटपणा, गिऱ्हाईकाचा ओला हात, यांतले काहीही लेबलाला लागले की अक्षरे फुटतात. यावर उपाय तीन : पिगमेंट प्रकारची शाई वापरणारा प्रिंटर घ्यावा, छपाईवर पातळ फिल्म चढवावी, किंवा टोनरने छापावे. फिल्म चढविण्यापूर्वी शाई पूर्ण वाळू द्यावी. कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत ती लवकर वाळत नाही आणि कागदही दमट होऊन वळतो. तेव्हा कागद पिशवीत बंद करून ठेवणे आणि छपाई आदल्या दिवशी उरकणे बरे.

लेबलावर मजकूर काय असावा हा विषय यंत्राचा नसला तरी येथे टाळता येत नाही. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैध मापन नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे तपशील द्यावे लागतात. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूणही हवी. अंकांची व अक्षरांची किमान उंची नियमांनी ठरविलेली आहे. 'पानात बसवा' या सोयीने लेबल लहान झाले तर अक्षरेही लहान होतात, आणि मग प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. गोल लेबलाच्या मोहात हा मजकूर कोंबण्यापेक्षा दर्शनी बाजूस गोल आणि मागच्या बाजूस आयताकृती अशी दोन लेबले करणे अधिक सुटसुटीत.

हिशेब करून पाहू. पन्नास मिलिमीटर व्यासाची लेबले पाच मिलिमीटर अंतर सोडून लावली तर तीन रांगांना १६० आणि चार ओळींना २१५ मिलिमीटर जागा लागते. एफोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. खुणा व कडा सोडून एवढी जागा उरते. म्हणजे एका कागदावर बारा लेबले बसतात आणि दोनशे बरण्यांना सतरा कागद पुरतात. प्रत्येक गटाने असा हिशेब आधी मांडावा, आणि दर महिन्याला हजारो लेबले लागत असतील तर छापखान्याकडेच जावे. तेथे ती स्वस्त पडतील. घरचे यंत्र थोड्या नगांचे आणि वारंवार बदलणाऱ्या कामाचे आहे.

सुरीविषयी थोडे. ती लहानशी असते आणि तिचे टोक मध्यापासून किंचित बाजूला असते. दवाखान्यातील ट्रॉलीचे चाक जसे ओढले जाईल तिकडे वळते, तशी ती रेघेच्या दिशेने आपोआप वळते. म्हणून अगदी टोकदार कोपरे व अतिशय बारीक नक्षी तिला जड जाते. गमिंग शीटवर फक्त वरचा थर कापून खालचा कागद अखंड ठेवला तर त्याला व्यवसायात 'हाफ कट' म्हणतात. लेबल सोलून काढण्यास तेच सोयीचे. पत्त्यांसाठी मात्र आरपार कापावे लागते. दाब किती ठेवावा हे प्रत्येक कागदागणिक बदलते. नवा कागद आला की कोपऱ्यात एक लहान चौकोन कापून पाहावा, मगच पूर्ण काम लावावे.

देवनागरीची खास अडचण

ही यंत्रे आणि त्यांच्या आज्ञावली रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाल्या आहेत, याची जाणीव मराठीत काम करताना पावलोपावली होते. रोमन अक्षरे सुटी असतात. सुटीच कापली तरी बिघडत नाही. आपला शब्द शिरोरेषेने एकसंध असतो, पण संगणकाच्या दृष्टीने त्यातील प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा स्वतंत्र तुकडा असतो. तसाच तो कापावयास दिला तर 'नमस्कार' हा शब्द ठिकठिकाणी चिरलेला हाती येतो. अनुस्वाराचा टिंब तर सुटून कोठे पडला तेही दिसत नाही. याशिवाय काही आज्ञावलींत जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी जातो. स्टेन्सिल करावयाचे असेल तर आणखी एक पेच पडतो : 'व', 'ब' यांच्या पोटातील भाग गळून पडतो, म्हणून तेथे बारीक पूल ठेवावे लागतात.

छपाई आणि कातरकाम यांची जोड मराठीला विशेष मानवते ती यामुळेच. अक्षरे छापावयाची, कापावयाची फक्त बाहेरची कड. शिरोरेषा, वेलांट्या, टिंबे छापील राहतात आणि सुरीचा त्यांच्याशी संबंध येत नाही. मजकूर इंकस्केपसारख्या मोफत आज्ञावलीत युनिकोड टंकाने लिहावा, तो नीट उमटला आहे हे पाहावे आणि चित्र म्हणून कटिंगच्या आज्ञावलीत न्यावा. अक्षरेच कापावयाची असतील तर इंकस्केपमध्ये मजकुराचे रेषांत रूपांतर करून त्या रेषा एकत्र जोडाव्यात. मग शिरोरेषा सलग राहते.

बालवाडी आणि पहिलीच्या पत्त्यांवर टंकाची निवडही विचारपूर्वक करावी. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही रूपे स्वीकारली. परंतु संगणकावर सहज हाताशी येणारे अनेक टंक हिंदीच्या वळणाची रूपे दाखवितात. पाठ्यपुस्तकात एक 'ल' आणि हातातल्या पत्त्यावर दुसरा, हे नुकतेच वाचू लागलेल्या मुलाला गोंधळात टाकणारे आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत वाचनावर भर आहे, आणि शिक्षकाने स्वतः तयार केलेले साहित्य तेथे हवेच आहे. यंत्राचा खरा लाभ असा की पत्ता फाटला, हरवला तर तोच पत्ता त्याच मापात पुन्हा काढता येतो. दोनशेवीस ते तीनशे जीएसएमचे कार्डशीट मुलांच्या हाताळणीत बरे टिकते. मात्र घरगुती प्रिंटर त्यातले किती जाड घेऊ शकतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. जाड कार्ड अडकत असेल तर पातळ कागदावर छापून तो कार्डावर डकवावा आणि मग कापावा.

नकाशाचे सुटे तुकडे करण्याची कल्पना अनेक शिक्षकांना सुचते. ती चांगली आहे, पण आधी मापाचा विचार हवा. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे आठशे किलोमीटर. कागदावर अडीचशे मिलिमीटर जागा मिळाली तर एक मिलिमीटर म्हणजे तीन किलोमीटरहून थोडे अधिक. या मापात मुंबई शहर जिल्ह्याची उंची जेमतेम पाच मिलिमीटर भरते आणि रुंदी त्याहून कितीतरी कमी. असा तुकडा सुरीला नीट कापता येत नाही आणि मुलाच्या बोटांत धरताही येत नाही. तेव्हा एकतर नकाशा चार कागदांवर विभागून मोठा करावा किंवा मुंबईचे दोन्ही जिल्हे शेजारच्या ठाण्याच्या तुकड्यावर छापून दाखवावेत. जिल्हे छत्तीस आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेला पालघर जुन्या नकाशांत नसतो, हे तपासावे. भारताची सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या प्रमाणित नकाशावरूनच घ्यावी.

निर्बंध आणि खरेदी

चिकटकामासाठी वापरले जाणारे व्हिनाइल हे पीव्हीसी प्लॅस्टिक आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या निर्बंधांत शंभर मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक, प्लॅस्टिकचे ध्वज आणि सजावटीचे थर्माकोल यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात प्लॅस्टिक व थर्माकोलवरील बंदी २०१८ पासूनच आहे. म्हणून जेथे कागद चालेल तेथे कागदच वापरावा. गणपतीचे मखर करणाऱ्यांना जाड कागदाची जाळी कापून देणे हा या यंत्राचा एक चांगला उपयोग आहे. राष्ट्रीय दिनांसाठी कागदी ध्वज काढले तर ते कार्यक्रमानंतर जमिनीवर पडू न देता सन्मानपूर्वक गोळा करण्याची जबाबदारीही घ्यावी. राजमुद्रा मात्र हौसेने चिकटपत्रांवर छापू नये. २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. परदेशी व्यंगचित्रांतील लोकप्रिय पात्रे छापून विकण्यासही परवानगी लागते.

खरेदी करताना यंत्राइतकेच त्याच्या आज्ञावलीकडे पाहावे लागते. काहींना इंटरनेट आणि कंपनीकडील खाते लागते; जोडणी नसलेल्या गावात ते अडून बसेल. मार्च २०२१ मध्ये क्रिकट कंपनीने, पैसे न भरणाऱ्या ग्राहकांना महिन्याला वीसच नवी चित्रे चढविता येतील, असे जाहीर केले होते. ग्राहकांच्या विरोधामुळे तो निर्णय त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तरी विकत घेतलेल्या यंत्राचा उपयोग दुसऱ्याच्या मर्जीवर किती अवलंबून राहू शकतो ते यावरून दिसले. सिल्हूटच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी प्रकारची चित्रे उघडत नाहीत, त्यासाठी वरची आवृत्ती घ्यावी लागते. ब्रदरच्या स्कॅन-एन-कट यंत्रात अंगचाच स्कॅनर असल्यामुळे कागदावर हाताने काढलेले चित्रही संगणकाशिवाय कापता येते. ज्या शाळेत चित्रकलेचा उत्साही शिक्षक आहे तेथे ही सोय मोलाची ठरेल.

मॅट, सुऱ्या व शाई यांचा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा, नाहीतर पहिला मॅट कोरडा पडताच यंत्र कपाटात जाते. मॅटवरचा चिकटपणा धुळीने झाकला जातो. कोमट पाण्याने हलकेच धुऊन वाळविल्यास तो काही काळ परत येतो. इंकजेटची नळी न वापरल्याने बुजते, आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये बंद पडलेला प्रिंटर ही अनेक शाळांची ओळखीची कथा आहे. सुट्टीतही आठवड्यातून एक रंगीत पान काढण्याचे काम कोणाकडे तरी सोपवून जावे. आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला जोडाक्षरे व अनुस्वार असलेला आपला स्वतःचा मराठी मजकूर द्यावा, तो आपल्यासमोर आपल्याच कागदावर छापून कापून घ्यावा आणि ते माप पट्टीने मोजून पाहावे.